मामा तलावांच्या तळाशी

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्या 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जातात. त्यांतल्या एकीवर कोलू पाटील आज कोलासूर देव होऊन बसले आहेत. बांध घालणाऱ्याला देव करणारे गाव विरळाच.

गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची रीत होती. कोलू पाटलांच्या कोहळी समाजाने तिचे सोने केले. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत धानासाठी बोड्या (लहान तळी) आणि तलाव हजारोंनी झाले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेले आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या बोलण्यातले 'मामा तलाव'.

या तलावांत दरवर्षी गाळ बसतो. जगभरचे शास्त्रज्ञ हल्ली असाच तलावगाळ शोधत असतात. पाने, परागकण, जनावरांची विष्ठा, मेलेले मासे यांतून सुटलेल्या डीएनएचे तुकडे चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि थरांत गाडले जातात. तळात नळी ठोकून थर उभा काढायचा, त्याचे वय ठरवायचे आणि डीएनए वाचायचा. अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावरचे मॅमथ सुमारे 5,600 वर्षांपूर्वी संपले, हे 2016 मध्ये अशाच तलावगाळावरून निश्चित झाले. समुद्र चढला, हवा कोरडी झाली, गोड्या पाण्याची तळी आटत गेली. तिथे शिकारी माणूस पोचलाही नव्हता.

पण ते बेट थंड. थंडीत डीएनए टिकतो, विदर्भाच्या उन्हाळ्यात लवकर तुटतो. त्यात तळ उघडा पडून तापला, तर उरतेच काय! महाराष्ट्राच्या पावसाचा जुना हिशेब लोणारच्या सरोवराने वेगळ्या मार्गाने दिला. तिथल्या सुमारे 11,000 वर्षांच्या गाळातली खनिजे आणि रासायनिक खुणा वाचून संशोधकांना दोन दीर्घ कोरडे काळ सापडले: एक सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. या दुसऱ्या काळाच्या शेवटानंतर काही शतकांनी कोहळ्यांनी नवेगावला पाळ घातली.

मामा तलावांचे दप्तर त्यामानाने कोवळे, जेमतेम तीनशे वर्षांचे, आणि फाटलेलेही. उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकणे ही इथली जुनी वहिवाट. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने त्याला यंत्रे दिली. शेतीला ते हवेच. थर मात्र मिसळतात.

शिवाय या तलावांतल्या जीवसृष्टीतला बदल निव्वळ हवामानाच्या खात्यावर मांडता येत नाही. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले, काठ बेशरम या झुडपाने व्यापले, देवधान (रानभात) आणि इतर पाणवनस्पती मागे हटल्या. मरळीसारख्या देशी माशांचा आसरा त्यांच्याबरोबर गेला. कोणत्या तलावात कोणती वनस्पती आणि कोणता मासा होता, हे मासेमारी करणाऱ्या ढिवरांना ठाऊक असते. त्या माहितीच्या आधारे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांसोबत बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या.

त्या आठवणीलाही तपासणारा साक्षीदार हवा. जिथे फावडे पोचलेले नाही आणि पाणी सहसा आटत नाही, अशा खोल भागात एक नळी ठोकून गाळाचा उभा थर काढून ठेवायला हरकत नाही. फक्त ते काम उपसणी सुरू होण्याआधी झाले पाहिजे.