प्रार्थनेतील विक्षेप व क्षमा (कॅथलिक उपासना)

कॅथलिक उपासनेत विक्षेप म्हणजे प्रार्थना चालू असताना मन ईश्वरावरून ढळून अन्य विषयांकडे जाणे होय. चर्चच्या शिकवणीनुसार विक्षेप दूर सारणे आणि इतरांना क्षमा करणे या दोन गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. मनातील राग व वैर हा प्रार्थनेतील मोठा अडथळा मानला जातो. म्हणून मिस्साविधीत पश्चात्ताप, मौन आणि शांतिचिन्ह यांना निश्चित स्थान दिलेले आहे. महाराष्ट्रात वसई, मुंबई आणि ठाणे–कल्याण परिसरात ही उपासना मराठीसह अनेक भाषांतून चालते.

संज्ञा

'मिस्सा' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. पापांची कबुली देण्याच्या संस्काराला मराठीत 'पापनिवेदन' किंवा 'प्रायश्चित्त संस्कार' म्हणतात. कोकणी भाषेत त्यासाठी 'कुमसार' हा शब्द रूढ आहे.

बायबलमधील आधार

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूची पुढील शिकवण आहे : वेदीवर अर्पण वाहताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. येथे उपासनेच्या मध्यात आलेली आठवण झटकून टाकायची नसून तिच्याप्रमाणे वागायचे आहे. सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन, दार लावून एकांतात प्रार्थना करण्यास सांगितले आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रार्थनेला उभे राहताना क्षमा करण्याचा आदेश आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायातील निर्दय सेवकाच्या दाखल्यात, स्वतःचे मोठे कर्ज माफ झालेला सेवक आपल्या सोबत्याचे लहानसे कर्ज सोडत नाही, म्हणून दोषी ठरतो.

मिस्साविधीतील स्थान

रोमन विधीत मिस्साच्या प्रारंभी पश्चात्तापविधी असतो. त्यात उपस्थित सर्व जण विचार, शब्द, कृती आणि कर्तव्यात केलेली कसूर यांबद्दल सामूहिक कबुली देतात. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी प्रभूची प्रार्थना म्हटली जाते. तीत देवाची क्षमा आणि आपण इतरांना केलेली क्षमा यांची सांगड घातलेली आहे. त्यानंतर शांतिचिन्हाची देवाणघेवाण होते. भारतात ते बहुधा हात जोडून केले जाते.

रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत मौन हा विधीचाच भाग मानला आहे. पश्चात्तापविधीच्या वेळी व प्रार्थनेच्या आवाहनानंतर भाविकांनी अंतर्मुख व्हावे, वाचनानंतर किंवा प्रवचनानंतर ऐकलेल्याचे चिंतन करावे आणि ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर मनोमन स्तुती करावी, असा त्याचा हेतू आहे. मिस्सा सुरू होण्यापूर्वीही चर्चमध्ये शांतता पाळणे इष्ट मानले आहे. मिस्साच्या वेळी मोबाईल उंचावून छायाचित्रे काढण्याच्या प्रथेविषयी पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१७ मधील जाहीर भेटीत खेद व्यक्त केला होता.

विक्षेपाविषयीची शिकवण

मन भरकटले म्हणजे पाप घडले का, हा प्रश्न भाविकांना जुन्या काळापासून पडत आला आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी अवधानाचे तीन प्रकार सांगितले : शब्दांकडे, शब्दांच्या अर्थाकडे आणि ज्याची प्रार्थना करायची त्या ईश्वराकडे. यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत आवश्यक असून तो निरक्षरांनाही साधतो, असे त्यांचे मत होते. मन नकळत भटकल्याने प्रार्थना निष्फळ होत नाही. जाणूनबुजून मन अन्यत्र वळवणे मात्र दोषास्पद ठरते.

आविलाच्या संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात भटकणाऱ्या कल्पनाशक्तीला गिरणीच्या खडखडाटाची उपमा दिली आहे. खडखडाट थांबण्याची वाट न पाहता दळण चालू ठेवावे, असा तिचा आशय आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार विक्षेपांच्या मागे लागणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात अडकणे होय. पुन्हा हृदयाकडे वळणे पुरेसे असते. आपले मन कशात गुंतले आहे हे विक्षेपातून कळते, म्हणून त्याकडे आत्मपरीक्षणाचे साधन म्हणूनही पाहिले जाते.

क्षमा आणि पापनिवेदन

झालेला अपमान न जाणवणे किंवा विसरणे माणसाच्या हाती नसते, हे धर्मशिक्षण ग्रंथात मान्य केले आहे. त्यामुळे क्षमा ही भावना नसून संकल्प मानली जाते.

पापनिवेदनात पश्चात्ताप, कबुली, धर्मगुरूंनी दिलेली पापक्षमा आणि प्रायश्चित्त हे चार घटक असतात. वर्षातून किमान एकदा गंभीर पापांची कबुली देण्याचा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केला. सध्याचा विधी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पापनिवेदनातील मजकूर उघड करण्यास धर्मगुरूंना पूर्ण मनाई आहे. पापक्षमा मिळाली तरी केलेल्या नुकसानीची भरपाई करण्याचे कर्तव्य संपत नाही. उदाहरणार्थ, चोरलेली वस्तू परत करावी लागते.

ठाणे आणि कल्याण परिसर

ठाण्यातील ख्रिस्ती परंपरा जुनी आहे. १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना ठार मारण्यात आले. पुढे पोर्तुगीज काळात येथे अनेक चर्च उभी राहिली. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांच्या ताब्यात आले. नौपाड्यापासून जवळच, मासुंदा तलावालगत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. ते मुंबई महाधर्मप्रांतात येते. स्थानक आणि बाजारपेठेच्या गजबजाटालगत असलेल्या अशा चर्चमध्ये मौनाच्या नियमाला व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते.

सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली. त्यांच्या पूर्व सिरियाई विधीत शांतिचिन्ह मुख्य अर्पणप्रार्थनेच्या आधी येते, तर रोमन विधीत ते ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या थोडे आधी येते. अर्पणापूर्वी समेट करण्याची मत्तयमधील शिकवण पहिल्या क्रमात अधिक थेटपणे दिसते.

हे सुद्धा पहा

मिस्सा
प्रभूची प्रार्थना
राखेचा बुधवार
वसई धर्मप्रांत