दाव्याच्या कागदात सापडल्या आजोबांच्या बहिणी

सोयाबीन पाण्यात उभी आहे, वावरात पाय ठेवता येत नाही, म्हणून आज जुन्या कागदांचं लिहितो.

सातबाऱ्यावर ज्याची जमीन त्याचंच नाव. वारसाच्या फेरफारातही पूर्वी पोरंच चढायची. 1956 च्या वारसा कायद्याआधी ल्योक असताना लेकीला वाटा नव्हता, मग तिचं नाव लिहिणार कोण? पण भावकीत दावा लागला की कोर्टापुढं वंशावळ मांडावीच लागते. कोण कोणत्या बायकोचा, कोण दत्तक, कोण नावलद वारला, सगळं बाहेर येतं. आमच्या वाटणीच्या जुन्या दाव्याची नक्कल काढली तर आजोबांच्या दोन बहिणी निघाल्या. घरात कुणाला माहीत नव्हत्या! एकीचा नवरा साक्षीदार होता. जबानीच्या वर साक्षीदाराचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा, गाव लिहितात, त्यामुळं तिचं सासर भोकरदनकडं हे कळालं.

दाव्याचा नंबर जुन्या फेरफारात बघा. कोर्टाच्या हुकमावरून नोंद झाली असेल तर तिथं नंबर अन् साल असतं. त्यावर नक्कल अर्ज करता येतो. निकाल अन् हुकूमनामा जास्त काळ जपतात, बाकीचे कागद मुदतीनंतर नष्ट करतात.

आपल्या धाडची गोष्ट जरा वेगळी. 1853 ला वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं गेला, पण शिवेपलीकडं भोकरदन, सिल्लोड 1948 पर्यंत निजामाकडं. म्हणजे एकाच घरातल्या भावाचे कागद इकडं मोडीत नाहीतर इंग्रजीत, अन् पलीकडं दिलेल्या बहिणीच्या घरचे उर्दूत. शिवाय इंग्रजी अमलात बुलढाणा गाव चिखली तालुक्यात होतं, तेव्हा कागद चिखलीच्या नावानंही शोधा.

त्याआधीचे निवाडे म्हणजे महजर. पाटीलकीचं भांडण गोतसभेपुढं चालायचं, गावकऱ्यांच्या साक्षी व्हायच्या. सही न येणारा कुणबी खाली नांगराची निशाणी काढायचा. वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या साधनांत असले कागद भरपूर आहेत. घराण्याचं आडनाव घेऊन ते चाळायला हरकत नाही.

एक लक्षात घ्या, दाव्यातली वंशावळ भांडणासाठी लिहिलेली असते. आमच्याच दाव्यात वादीच्या वंशावळीत एक चुलता नावलद, प्रतिवादीच्या वंशावळीत त्यालाच दत्तक पोरगा. दोन्ही कागद शेजारी ठेवून निकाल वाचा, न्यायाधीशानं कोणती धरली ते तिथंच लिहिलेलं असतं.