आधी सभा, मग नकाशा

गावाचा मध्यभाग सुधारायचा तर कोणाला विचारायचे आणि केव्हा विचारायचे, हा प्रश्न मुळशी तालुक्यातल्या जांबे गावासमोर आज उभा आहे. हिंजवडी, मारुंजी, नेरे यांच्या पट्ट्यातले हे गाव. कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे पीएमआरडीएचे, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायच्या गावांच्या २०१५ च्या प्रस्तावात हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, सांगवडे, गहुंजे यांच्या जोडीने जांब्याचेही नाव. अशा गावात ‘लोकांना कोणी विचारतच नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. इतिहास पाहिला तर ती जरा वेगळ्या शब्दांत मांडावी लागते. ज्यांना विचारायचे त्यांची संख्या कायद्याने शंभर वर्षांत वाढवत नेली, पण विचारायची वेळ पुढे ढकलली. पूर्वी थोड्यांना आधी विचारत, आता सगळ्यांना नंतर विचारतात. दुखणे आहे ते या ‘नंतर’मध्ये.

मराठा काळात गावाचा निवाडा गोतसभेत होई आणि त्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, लिहिला जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या सभांचा तपशिलाने अभ्यास केला आहे. महजराच्या कागदावर सह्यांऐवजी निशाण्या असत: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. एखादी जागा कोणाची, वाट कोणाच्या हक्काची, बाजारात मान कोणाचा, हे ठरवताना ज्याच्या हातात जे अवजार त्याची खूण कागदावर उमटत असे. शिवेचा वाद पडला तर महाराने शीव चालून दाखवायची आणि त्याने पाय टाकला ती हद्द धरायची, अशीही रीत होती. नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देई, काही वर्षे करांत सूट देई आणि शेटे-महाजनांना पुढे करून उदमी माणसे बोलावून आणी. पुण्याच्या पेठा अशाच वाढल्या. त्या वेळी नकाशा नव्हता म्हणून बोलावे लागे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण बोलणे आधी झाल्यामुळे दुकान कुठे, पाणवठा कुठे, गाडीतळ कुठे याची माहिती कामाच्या सुरुवातीलाच हाती येई.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही सभा वतनदारांची होती. तो मान्यच करायला हवा. ज्या महाराच्या पावलावर गावाची शीव ठरे, त्याचे घर गावकुसाबाहेर होते. पाणवठा कुठे असावा हे बायकांना कोणी विचारत नव्हते, आणि पाणी तर त्याच भरत होत्या. म्हणून गोतसभा परत आणा, असे म्हणण्यात अर्थ नाही. तिच्याकडून घेण्यासारखा आहे तो फक्त कामाचा क्रम. माणसांची यादी आजच्या कायद्याचीच हवी. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद झाला, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, आणि पुढे नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद झाली. ही मोठी कमाई आहे आणि ती राखलीच पाहिजे.

क्रम कसा उलटला, हे मुळशी तालुक्याइतके क्वचितच कुठे स्पष्ट दिसते. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेण्याचे आधी ठरले, आणि मावळ्यांचे म्हणणे ऐकण्याची वेळ आली ती १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाल्यावर. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या या लढ्याचा अभ्यास करताना राजेंद्र व्होरा यांनी एक गोष्ट नेमकी दाखवली: बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या, त्यांना मोबदला पुरेसा वाटत होता, आणि नांगर धरणाऱ्या कुळांना जमीनच हवी होती. म्हणजे मालकाला विचारले की काम झाले, असे होत नाही. गावाच्या मध्यभागाला तर हे जास्तच लागू पडते. तिथे रोज दिवस काढणारे भाजीवाले, रिक्षावाले, खोल्या घेऊन राहणारे कामगार यांच्या नावावर बहुधा एक चौरस फूटही जागा नसते.

मुळशीत हे घडत होते त्याच काळात दुसरा रस्ता दाखवणारा माणूस याच देशात काम करत होता. पॅट्रिक गेडीस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी केलेला अहवाल १९१८ चा. रेघ ओढण्याआधी गल्ल्या पायी तुडवायच्या, लोक काय करतात ते पाहायचे आणि कमीत कमी पाडापाडीत काम भागवायचे, ही त्यांची पद्धत. प्लेगने हैराण झालेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि ज्या वस्त्यांनी घरे-रस्ते सर्वांत चांगले साफ केले तिथून ती जाईल, असे जाहीर केले. घरोघरी डागडुजी झाली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमाही होती. फर्मान काढून एवढे काम झाले असते, असे मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. त्यात जनतेच्या हरकतींना हक्काचे स्थान मिळाले, पण ते कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर. पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये याच रीतीने प्रसिद्ध झाला. त्यात आठशेहून अधिक गावे होती आणि हरकती आल्या सुमारे ६७ हजार. सुनावण्या झाल्या, वर्षे गेली, आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करण्याचा निर्णय झाला. लोकांना विचारत बसलो तर कामे रखडतात, असे प्रशासनातले अनेकजण मनापासून मानतात. या प्रकरणाने उलटे दाखवले आहे. हरकतदार स्वतःच्या गट क्रमांकावरचे आरक्षण हटवायला येतो, कारण त्याच्या हाती फक्त हरकतीचा अर्ज असतो. शाळा कुठे हवी, बाजार कोणत्या बाजूला बसावा, हे सांगायची जागा त्या अर्जात नसते. उशिरा विचारले की उत्तरही नकाराचेच येते.

दुसरा आक्षेप तज्ज्ञतेचा: सांडपाण्याचा उतार आणि रस्त्याची वळणे हात वर करून ठरत नाहीत. बरोबर आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने यावर कधीच तोड काढली. तिथे अभ्यासगट बसतो, बाहेरचे जाणकार येऊन माहिती देतात, आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. जांब्याजवळच्या म्हाळुंगे-माण नगररचना योजनेतही जमीनमालकांची सभा हा प्रक्रियेचा भाग आहे, म्हणजे आधी बसून बोलणे नगररचनेला परके नाही. फक्त त्या सभेत मालकांपलीकडची माणसे यायला हवीत.

ग्रामसभा चार टाळक्यांत उरकतात, हा तिसरा आक्षेप कागदावर टिकतो. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी ती पुरते, आणि तहकूब सभेला तेवढीही अट नाही. पण लोक येत नाहीत याचे कारण आळस नाही. ज्या विषयाचा निकाल इतरत्र लागलेला आहे, त्यासाठी दिवसाची मजुरी कोण बुडवेल? मध्यभागाचा आराखडा खरोखर सभेपुढे कोरा ठेवला, तर सभा भरेल.

आणि इथे जांब्याला घाई आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही चार गावे १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका झाली, १९९७ मध्ये आणखी १८ गावे तीत आली. गाव महापालिकेत गेले की त्याची ग्रामसभा संपते. शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, पण ग्रामसभेची जागा घेईल असे तिचे रूप उभे राहिलेले नाही. म्हणून जे ठरवायचे ते ग्रामसभा हयात असतानाच ठरवावे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमात शिवारफेरी, महिलांची सभा आणि वंचित घटकांची सभा हे टप्पे दिलेलेच आहेत. याच जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून सुरू झालेल्या ड्रोन मोजणीमुळे आजवर नकाशावर एकच ठिपका असलेल्या गावठाणाचा घरवार नकाशा करता येतो. तो नकाशा देवळाजवळ पसरून पार, शाळा, बसथांबा, भाजीची जागा, गटारीचा उतार त्यावर गावाने खुणा करून दाखवाव्यात, भाडेकरूंनाही बोलवावे आणि सारे ठरावासह पीएमआरडीएला पाठवावे. कलम २५ खाली नव्या आराखड्यासाठी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा करावाच लागतो. हा ठराव त्याच टप्प्यावर कार्यालयात पोचला पाहिजे, कलम २६ ची नोटीस निघण्याच्या कितीतरी आधी.