सद्हेतू आणि वळ : पालकांच्या शिक्षाधिकाराचा कायदा व साहित्य

अपत्याला मारण्याचा आईबापांचा अधिकार एकोणिसाव्या शतकातील कायद्याने निर्माण केला नाही; रूढीने मानलेल्या अधिकाराची त्याने फक्त मर्यादा आखली. या दृष्टीने १८६० हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस हॉप्ली हा शिक्षक सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला. विद्यार्थ्याला मरेपर्यंत मारताना त्याच्यापाशी मुलाच्या वडिलांची संमती होती. तरीही पालकाने वा त्याच्या प्रतिनिधीने केलेली माफक व वाजवी शिक्षा न्यायालयाने वैधच मानली. त्याच वर्षी संमत झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८९ने १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला, काही अपवाद वगळता, संरक्षण दिले. एका ठिकाणी भर माराच्या प्रमाणावर, दुसऱ्या ठिकाणी मारणाऱ्याच्या हेतूवर. मार खाणाऱ्याची साक्ष दोन्हीकडे गौण राहिली.

ती साक्ष साहित्याने नोंदवली. सॅम्युएल बटलर यांच्या ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’ (१९०३) या कादंबरीत एक शब्द नीट उच्चारता येत नाही म्हणून बाप लहानग्या अर्नेस्टला मारतो. तेथे शिस्तीचा मुखवटा गळून सत्ता उघडी पडते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) पोहणे टाळण्यासाठी लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते. मुलगा भित्रा निपजू नये, ही तिची तळमळ. मोठेपणी श्याम तो मार कृतज्ञतेने आठवतो. कायद्यातील ‘सद्हेतू’ला मराठी मनात जे नैतिक बळ लाभले, त्याचे स्वरूप येथे दिसते. मात्र ही संमती प्रौढ निवेदकाची आहे, मार खाणाऱ्या बालकाची नव्हे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न हेतूकडून बालकाच्या देहाकडे वळला. १९७९ मध्ये स्वीडनने पालकांच्या मारालाही मनाई केली. हॉप्ली खटल्याशी जोडलेला ‘वाजवी शिक्षे’चा बचाव वेल्सने २०२२ मध्ये रद्द केला. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्लीच्या शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्दबातल ठरवली आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शाळांतील अशा शिक्षेवर देशभर बंदी घातली. घराचा उंबरठा मात्र कायद्याने ओलांडला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७मध्ये जुने कलम ८९ जवळजवळ जसेच्या तसे उतरले आहे.

शिक्षकाच्या हातातील छडी गुन्हा ठरते आणि आईच्या हातातील शिंपटी संस्कार, या भेदामागे कायद्याइतकीच कृतज्ञ स्मृतीची परंपरा उभी आहे. ती परंपरा आईच्या मायेची साक्ष देते; माराच्या न्याय्यतेची नव्हे.