खो-खोतील निर्णय आणि संशोधनाची दृष्टी

खेळाडू निर्णय कसा घेतो, याचा शास्त्रीय विचार प्रथम सुरू झाला तो मैदानावर नव्हे, तर बुद्धिबळाच्या पटावर आणि प्रयोगशाळेत. आद्रियान दे ग्रोट यांनी १९४६ च्या प्रबंधात निष्णात बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास केला. १९५२ मध्ये हिक यांनी पर्याय वाढले की प्रतिसादास अधिक वेळ लागतो, हे मापून दाखविले. १९७३ मध्ये चेस व सायमन यांना आढळले की खऱ्या डावातील मांडणी निष्णातास चटकन आठवते. मोहरी वाटेल तशी मांडली की त्याचे हे श्रेष्ठत्व जवळजवळ लोपते. निर्णय म्हणजे डोक्यात चालणारी निवड, हे गृहीत मात्र तसेच राहिले. ते हलले २००६ च्या सुमारास. आराउजो, डेव्हिड्स व ह्रिस्तोव्स्की यांनी निर्णय खेळाडू आणि परिस्थिती यांच्या चालू व्यवहारात शोधला.

या दोन्ही दृष्टींची खरी परीक्षा खो-खोत होते. वरकुट्यासारख्या इंदापूर तालुक्यातील गावीही दोन खांब व चुन्याच्या रेषा एवढ्यावर हा खेळ मांडता येतो. परंतु १९१४ मध्ये पुण्यात ज्यांची आखणी झाली, ते नियम साधे नाहीत. पारंपरिक खेळात आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्यास मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. म्हणजे पुष्कळसे निर्णय नियमानेच आधी घेऊन टाकलेले असतात. उरतो तो प्रश्न एवढाच की खो कोणास व केव्हा द्यावयाचा. बसलेल्याने त्या एकाक्षरी उच्चाराआधी उठावयाचे नाही. उठल्यावर डावीकडे की उजवीकडे, हे त्याने ठरवावयाचे. एकाचा निर्णय दुसऱ्याच्या पायांनी पुरा होतो. निर्णय घेणारा कोण, असे विचारले तर उत्तर सोपे नाही! भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे उच्चार हीच कृती असल्याचे सहज दिसेल.

२०२२ मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ स्पर्धेत कोणत्याही दिशेस वळू शकणारा ‘वजीर’ आला. हिक यांच्या मापनाप्रमाणे पर्याय वाढल्यामुळे त्याचा निर्णय मंदावला पाहिजे. मैदानावरील अनुभवी खेळाडूच्या बाबतीत तसेच घडेल, असे गृहीत धरता येत नाही. वजीर आणि पारंपरिक पाठलाग करणारा यांची तुलना एकाच मैदानावर, त्याच खेळाडूंकडून करवून घेता येण्यासारखी आहे. पडद्यावर चित्रफीत दाखवून ती साधणार नाही, कारण तेथे खो ऐकून कोणास उठावे लागत नाही.