निजामांची रोल्स आणि छत्रपतींची मेबॅक

धाराशिव जिल्हा निजामी राजवटींत उस्मानाबाद म्हणून ओळखला जाऊं लागला, तो शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून. सरकारी दप्तरांतून तें नांव गेलें २०२३ सालीं. त्याच जिल्ह्यांतील तुळजापूरची भवानी मात्र भोसल्यांची, म्हणजे कोल्हापूरकरांचीही, कुलस्वामिनी. १९४८ पर्यंत येथें सत्ता निजामाची आणि देवी छत्रपतींची, असा प्रकार होता. योगायोग असा कीं, या दोन्ही घराण्यांनीं युरोपांतून एकेक दुर्मिळ मोटार आणली, आणि दोन्ही आजवर टिकून आहेत.

निजामांची गाडी रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’. सहावे निजाम महबूब अली खान यांनीं ती मागविली. पण १९११ सालीं ते निवर्तले आणि गाडी मुलाच्या हातीं आली. रंग पिवळा, घडण लंडनच्या बार्कर कारखान्याची, मागें सिंहासनासारखें उंच आसन. यंत्र सहा नळकांड्यांचें, सुमारें साडेसात लिटरांचें. याच जातीच्या एका गाडीनें १९०७ सालीं लंडन-ग्लासगो अशा वाऱ्या करीत १४,३७१ मैलांची बिनथांबा कसोटी दिली होती. हैदराबादेंत मात्र पहिल्या तीन दशकांत ही गाडी चारशें मैलही धांवली नाहीं, असें सांगतात. धाराशिवास एकदां जाऊन आली असती तरी जवळजवळ तितके मैल भरले असते! मालक तर जुन्यापुराण्या साध्या मोटारींत फिरत.

राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत कोल्हापुरास आलेली गाडी जर्मन, ‘मेबॅक’. झेपेलिन हवाई जहाजांचीं इंजिनें करणाऱ्या या कारखान्याचें मूळ काम व्हर्सायच्या तहानें थांबलें, म्हणून तो १९२१ पासून मोटारींकडे वळला. १९४१ पर्यंत त्याच्या सुमारें अठराशेंच गाड्या निघाल्या. घोस्ट निघाल्या पावणेआठ हजारांवर. दुर्मिळपणांत मेबॅक सरस. वेगांतही तिची जात वरचढ: त्या कारखान्याची सर्वांत मोठी गाडी बारा नळकांड्यांची, २०० अश्वशक्तीची होती, घोस्ट पन्नासाच्या आसपास. अर्थात् दोहोंत दोन दशकांचें अंतर असल्यानें ही तुलना थोडी अन्यायाचीच.

संग्राहकांचा हिशेब निराळा असतो. गाडी जितकी कमी वापरलेली, मूळचे भाग जितके शाबूत, पहिल्या धन्याचें नांव जितकें मोठें, तितकी किंमत चढते. त्या हिशेबानें निजामांची गाडी अमोल. दुरुस्त होऊन ती आज चौमहल्ला राजवाड्यांत उभी आहे.

मेबॅकला मात्र दरवर्षीं विजयादशमीस बाहेर पडावें लागतें. अंबाबाईची आणि जुन्या राजवाड्यांतील तुळजाभवानीची पालखी दसरा चौकांत येते; राजघराण्यांतील मंडळी मेबॅकमधून येतात, शमीपूजन होतें, सोनें लुटलें जातें. एवढें थोर यंत्र, पण गर्दींतून माणसाच्या चालीनें सरकतें. संग्राहकाच्या लेखीं ही सारी झीज म्हणजे तोटा. चौकांत जमलेले लोक मात्र दुपारपासूनच तिच्या वाटेकडे डोळे लावून उभे असतात.