रक्त चढवताना काय पाहावं? सिल्वासा आणि सीमाभागातल्या रुग्णांसाठी माहिती

सिल्वासा : दादरा नगर हवेली आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकल सेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यातल्या काहींना वारंवार रक्त लागतं. एकदा सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात, पुढच्या वेळी वापी किंवा जव्हारला. राज्य बदललं की जुनी नोंद मागेच राहते आणि धोका तिथेच वाढतो.

बॅग लावण्याआधी
गंभीर चुका बहुधा रुग्णाच्या ओळखीत होतात. म्हणून खाटेजवळ दोघांनी नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, बॅगचा क्रमांक आणि मुदत ताडून पाहायची असते. नाव रुग्णाने स्वतः सांगावं. नुसती मान हलवू नये.

क्रॉसमॅच टाळू नये. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण त्याला 'ओ' रक्तही चालत नाही.

चढवताना
रक्त 2 ते 6 अंशांत ठेवलेलं असतं. बाहेर काढल्यावर 30 मिनिटांत सुरू आणि 4 तासांत पूर्ण व्हावं. गार लागतं म्हणून बॅग उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवू नये. त्याच नळीतून औषध किंवा ग्लुकोज देत नाहीत.

पहिली 15 मिनिटं महत्त्वाची. तेव्हा वेग कमी ठेवतात. थंडी वाजून ताप, अंगाला खाज, कंबरदुखी, दम लागणं, लघवी लालसर होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. रक्त तत्काळ थांबवतात, सलाईनसाठी शीर चालू ठेवतात. ती बॅग फेकायची नाही, तपासणीसाठी रक्तपेढीत परत जाते.

घरी गेल्यावर
3 ते 14 दिवसांत डोळे पिवळे होणं, गडद लघवी, पुन्हा अशक्तपणा किंवा अंगदुखी सुरू झाली, तर ती साधी कावीळ समजून झाडपाला घेत बसू नका. आधीच्या रक्तामुळे अंगात तयार झालेल्या अँटीबॉडीज नवं रक्त फोडत असतील. सिकल सेलमध्ये हे दुखणं नेहमीच्या क्रायसिससारखंच वाटतं, म्हणून डॉक्टरांना 'मागच्या आठवड्यात रक्त चढवलंय' हे आधी सांगा. वर्षानुवर्षं रक्त घेणाऱ्यांनी शरीरात साचणाऱ्या लोहाचीही तपासणी करून घ्यावी.

जवळ काय ठेवावं
रक्तगट, प्रत्येक वेळची तारीख, हॉस्पिटल, झालेला त्रास आणि अँटीबॉडीचा रिपोर्ट एका वहीत ठेवा. सीमा ओलांडताना ती वही सोबतच हवी.